डावीकडचे चार ठोकळे

मित्रांनो, मी एक जुना संच आहे, लाकडी ठोकळ्यांचा. तसे आम्ही ठोकळे नऊ आणि नऊ जणांना सांभाळणारी एक चपटी पेटी. पण एकमेकांपासून लांब राहायची वेळ फारशी आली नाही, त्यामुळे 'आम्ही' म्हणायची सवयच लागली नाही. मी स्वतःला 'मी'च म्हणतो. तुम्हीही तसंच समजा.

मला पाहून तुम्ही म्हणाल, हे तर खेळणं! माझ्या प्रत्येक ठोकळ्याच्या दोन बाजू लाल, दोन पांढऱ्या आणि उरलेल्या दोन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अर्ध्या लाल, अर्ध्या पांढऱ्या. पण खेळायला म्हणून मला कुणी बनवलं नाही. माणसाची बुद्धी तपासायला बनवलं. काम केवढं आणि मी केवढा!

माझा जन्म एका सुताराच्या लांबट खोलीत झाला. वर पत्रा, खाली भुसाच भुसा. सुतार लाकूड कापायचा, घासायचा आणि त्याची बहीण रंग द्यायची. अर्ध्या लाल बाजूंसाठी ती चिकटपट्टी लावून, श्वास रोखून ब्रश फिरवायची.

"अगं, ठोकळेच आहेत ते. इतकं काय नटवतेस त्यांना?" सुतार चिडवायचा.

"दादा, ही रेघ जरा हलली ना, तर कुणाचं तरी डोकं फुकट कमी ठरेल. चालेल तुला?"

यावर सुतार गुपचूप पुढचं लाकूड घासायला घ्यायचा. तिचं ते बोलणं ऐकून माझी छाती मात्र धडधडली होती. आपण जन्मलोय ते कुणाला तरी कमी किंवा जास्त ठरवायला, हे पहिल्याच दिवशी कळलं तर तुम्हाला कसं वाटेल, सांगा बरं?

तिथून मी एका मोठ्या दवाखान्यात आलो. दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून एक शांत खोली होती. एक रुंद टेबल, दोन खुर्च्या, भिंतीला टेकून तिसरी खुर्ची, आणि फाटकाकडे उघडणारी एक खिडकी. या खोलीत चाचण्या घेणाऱ्या बाई बसायच्या. उंच, सडपातळ, चष्मा कायम केसांत खोचलेला आणि कायम शोधत असलेल्या. त्यांच्या हाताखाली मी उभा जन्म काढला.

बाईंची चाचणी म्हणजे एकच एक परीक्षा नव्हे. आधी शब्दांचे अर्थ विचारायच्या. मग आकडे ऐकवून उलटे म्हणायला लावायच्या. मग दोन गोष्टींत सारखं काय ते सांगा, चित्रात काय चुकलंय ते ओळखा, असं बरंच काही. आणि मग माझी पाळी. समोर लाल-पांढऱ्या नक्षीचं एक कार्ड ठेवायचं आणि माझ्या ठोकळ्यांतून तशीच नक्षी जुळवायला सांगायचं. बाई स्टॉपवॉच दाबायच्या आणि खोलीतली हवा एकदम ताठ व्हायची.

काय काय बघितलं मी तिथे! घडाघडा बोलणारी मुलं माझ्यासमोर घामाघूम व्हायची. ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे, ती मला चुटकीसरशी जुळवून टाकायची. म्हणून मला एक गोष्ट पक्की कळली. बुद्धी म्हणजे काही विहीर नव्हे, की दोर सोडला आणि खोली मोजली. ती घरासारखी असते. एका खोलीत लख्ख उजेड, तर शेजारच्या खोलीत दिवाच नाही, असं होऊ शकतं. पण बाहेर बाकावर बसलेल्या आईबाबांना घर नको असायचं. दार उघडायच्या आत ते विचारायचे, "किती आला बुद्ध्यांक?"

"आकडा सांगते," बाई म्हणायच्या, "पण आधी बसा. आकड्याच्या मागे बरंच बोलायचंय."

निम्मे लोक बसायचेच नाहीत.

पुढे माझे दिवस फिरले. काचेचे चपटे पडदे आले. त्यांच्यावर बोट फिरवलं की चित्रातले ठोकळे आपोआप सरकतात, वेळही तेच मोजतात, गुणही तेच देतात. दवाखान्यातल्या नव्या मुली त्यांच्यावर खूश. मी कपाटाच्या खालच्या फळीवर, जुन्या छत्र्यांच्या शेजारी जाऊन पडलो. माझा लाल रंग विटला. कुणी माझं नावही काढेना. खोटं कशाला सांगू, फार वाईट वाटायचं. कपाट उघडलं की वाटायचं, आता आपल्यालाच घेतील, आणि हात छत्रीकडे जायचा.

मग एका दुपारी बाईंनी मला बाहेर काढलं. फडक्याने पुसता पुसता त्या मदतनीस मुलीला म्हणाल्या, "आज पडदा नको. पडदा वीतभर असतो. मला माणूस अख्ख्या टेबलावर बघायचाय."

ज्याला अख्ख्या टेबलावर बघायचं होतं, तो शाळेच्या बसचा ड्रायव्हर होता. मुलं त्याला बसकाका म्हणायची. धिप्पाड अंग, गुळगुळीत दाढी, पण डाव्या गालावर खुंट तसेच राहिलेले. काही महिन्यांपूर्वी त्याच्या मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गुठळी अडकली होती. तो वाचला, उठला, चालायला लागला. आता त्याला पुन्हा बस चालवायची होती. डॉक्टरांनी अट घातली होती, की आधी बाईंची चाचणी, तिचा निकाल येईपर्यंत चाकाला हात लावायचा नाही.

त्याच्यामागून त्याची बायको आली. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळून धरलं होतं, सोडत नव्हती. बाईंनी तिला भिंतीजवळच्या खुर्चीत बसवलं आणि बजावलं, "चाचणी चालू असताना एक शब्दही बोलायचा नाही. खूण नाही, खाकरणंसुद्धा नाही. जमेल?"

तिने मान हलवली.

"मॅडम, ती घरी बोलू देत नाही, इथे तुम्ही तिला बोलू देऊ नका. फिट्टंफाट!" काका म्हणाला आणि स्वतःच गडगडाटी हसला.

मित्रांनो, शब्दांच्या भागात काकाने कमाल केली. 'धीर' म्हणजे काय, असं विचारल्यावर म्हणाला, "सिग्नल हिरवा झालाय, पुढचा हलत नाहीये आणि आपण हॉर्न वाजवत नाही, तो धीर." बाईंना हसू दाबावं लागलं. आकडे त्याने सुलटे म्हटले, उलटे म्हटले. तोंडी हिशेब बोटं न मोडता केले. बाईंचं पेन भराभर चालत होतं. काका खुर्चीत रेलून बसला.

"उद्या सकाळपासून पोरं माझ्या बसमध्ये," तो म्हणाला. "मालकाला सांगून टाकलंय. बदली ड्रायव्हर पोरांवर खेकसतो म्हणे. आटपा लवकर."

उद्या सकाळपासून! मी मागच्या खुर्चीकडे पाहिलं. बायकोने डोळे मिटून घेतले होते.

बाईंनी मला टेबलावर ओतलं. चार ठोकळ्यांची सोपी नक्षी आधी झाली. काकाने वेळ घेतला, दोनदा चुकला, पण जमवलं. मग बाईंनी नऊ ठोकळ्यांचं कार्ड ठेवलं आणि माझे नऊही ठोकळे टेबलभर पसरले. चार डावीकडे, पाच उजवीकडे. स्टॉपवॉच दाबलं.

काकाचे हात उजवीकडे गेले. एक ठोकळा उचलला, फिरवला, ठेवला. दुसरा. तिसरा. उजवीकडचे पाचही संपले. कार्डावरच्या नक्षीची उजवी बाजू बऱ्यापैकी तयार झाली. मग तो हात झटकून म्हणाला, "झालं."

बाईंनी स्टॉपवॉच थांबवलं नाही.

"झालं ना, मॅडम?"

"तुम्हाला वाटतं, झालं?"

त्याने कार्ड पाहिलं. आपली नक्षी पाहिली. कपाळाला आठी पडली. "काहीतरी राहिलंय खरं. पण ठोकळेच संपले. कमी दिलेत तुम्ही."

आणि मी तिथेच होतो, मित्रांनो! माझे चार ठोकळे त्याच्या डाव्या हातापासून वीतभर अंतरावर, लख्ख उजेडात पडले होते. झाकलेले नव्हते, लपवलेले नव्हते. त्याची नजर टेबलाच्या मध्यापर्यंत यायची आणि तिथूनच मागे फिरायची, जणू टेबल तिथेच संपत होतं. इतकी वर्षं माणसं मला चुकीचं जुळवत आली, त्याचं मला काही वाटलं नाही. पण समोर असून नसल्यासारखं होणं मी पहिल्यांदा अनुभवलं. मला ओरडावंसं वाटत होतं. लाकडाला कुठला आवाज!

मागची खुर्ची करकरली. बायको अर्धवट उठली होती. तिचं बोट माझ्या दिशेने उचललं गेलं होतं. बाईंनी फक्त तिच्याकडे पाहिलं. ती पुन्हा बसली, पण तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिला हे नवं नव्हतं. ताटातलं डावीकडचं जेवण रोज तसंच राहतं आणि 'पोट नाही भरलं' म्हणून तो रोज चिडतो, हे ती किती दिवस बघत होती.

बाईंनी आणखी दोन कार्डं ठेवली. दोन्ही वेळा तेच झालं. मग त्यांनी स्टॉपवॉच टेबलावर ठेवलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "काका, तुमचे डोळे चांगले आहेत. बोलणं, आठवण, हिशेब, सगळं उत्तम आहे. पण डावीकडे जे असतं, त्याची बातमी तुमचा मेंदू सध्या घेत नाहीये. यावर सराव करता येईल. तोपर्यंत गाडी चालवायची नाही. मी डॉक्टरांना तसंच कळवणार."

काकाचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल.

"एकवीस वर्षं मी बस चालवली, मॅडम. बस! ठोकळे नाही चालवले," तो म्हणाला. "पोरांच्या खेळण्यावरून माझी भाकरी काढून घेता?" त्याने उजवा हात टेबलावरून फिरवला. माझे पाच ठोकळे खाली गडगडले. चार तसेच राहिले, कारण ते त्याच्यासाठी नव्हतेच. "चल गं. इथे बसण्यात अर्थ नाही."

दार आपटलं. बाई खाली वाकून मला गोळा करू लागल्या. एक ठोकळा खिडकीखाली गेला होता, तो घ्यायला त्या खिडकीपाशी आल्या, आणि सहज त्यांची नजर खाली गेली. फाटकाच्या आत एक पिवळी बस उभी होती. तिचं डावं चाक आतल्या पदपथावर चढलं होतं. डावीकडचा आरसा मोडून लोंबत होता, आणि त्या बाजूच्या पत्र्यावर पुढून मागेपर्यंत नवा, चकचकीत ओरखडा होता. काका ड्रायव्हरच्या जागेवर चढत होता.

"अरे देवा, हे चालवत आलेत!" बाई म्हणाल्या.

पेटी हातात तशीच धरून त्या धावत सुटल्या. जिन्यात मी आतल्या आत खडखडत होतो. चष्मा केसांतून घसरून पडला, त्यांनी उचलला नाही. आम्ही अंगणात पोहोचलो तेव्हा इंजिन सुरू झालं होतं. फाटकाबाहेर रस्ता वाहत होता, आणि पदपथावरून एक आजोबा नातवाचं बोट धरून येत होते. बाई थेट बसच्या समोर, डाव्या कोपऱ्याशी जाऊन उभ्या राहिल्या. मला छातीशी घट्ट धरलेलं. त्यांचं काळीज माझ्या झाकणावर आपटत होतं.

काचेतून काका समोर दिसत होता. त्याची नजर आमच्यापर्यंत आलीच नाही.

त्याच्या शेजारच्या बाकावर बायको होती. तिच्या बाजूची खिडकी उघडी होती, म्हणून मला सगळं ऐकू आलं. तिने आधी बाईंना पाहिलं. मग नवऱ्याकडे. मग गिअरच्या दांड्यावर आपला हात ठेवला आणि तो घट्ट आवळला.

"हात काढ," काका म्हणाला.

"काढते. आधी सांगा, समोर काय दिसतंय?"

"हा काय पोरखेळ लावलाय?"

"सांगा ना. समोर काय काय आहे?"

काका वैतागून म्हणाला, "फाटक आहे. राखणदाराची खुर्ची आहे. झाडाला टेकून सायकल आहे. आणखी काय हवंय?"

"माणूस कुणी आहे?"

"कुणी नाही."

"नीट बघा, अहो."

"कुणी नाही म्हटलं ना! रस्ता मोकळा आहे!"

'रस्ता मोकळा आहे', या तीन शब्दांनी माझ्या लाकडाला कापरं भरलं. बाई जागच्या हलल्या नाहीत. इंजिन धडधडत होतं. बायकोचा आवाज फुटला.

"त्या मॅडम उभ्या आहेत. तुमच्या बससमोर. मगापासून उभ्या आहेत. मान वळवा. माझ्याकडे वळवा. आणखी. आणखी वळवा."

काकाने चिडून मान वळवली. आधी बायकोचा चेहरा दिसला असावा, कारण तिच्या गालांवरून ओघळणारं पाणी पाहून तो दचकला. मग त्याची नजर काचेवर आली, आणि बाई त्याला दिसल्या. हाताच्या अंतरावर. पेटी छातीशी धरलेल्या, पांढऱ्याफटक.

त्याने किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं. ते आजोबा नातवाला घेऊन शेजारून निघून गेले. त्यांना कशाचीही कल्पना नव्हती.

"कधीपासून?" काकाने बायकोला विचारलं.

"घरी आल्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, मला वेडा ठरवतेस. मग मी गप्प बसले." ती गिअरवरचा हात अजून काढत नव्हती. "आज मालकाकडून बस घेऊन येताना तो आरसा मोडला, तेव्हाही गप्प बसले. तुमचं मन मोडायला नको म्हणून. पण उद्या सकाळी तिथे पोरं उभी असती हो. डाव्याच बाजूने चढतात ना ती?"

काकाने दोन्ही हातांत तोंड लपवलं. एवढा मोठा माणूस, पण खांदे लहान मुलासारखे हलत होते. बस तिथेच राहिली. ती न्यायला संध्याकाळी दुसरा ड्रायव्हर आला.

त्यानंतर काका सरावाला येऊ लागला. बाईंनी टेबलाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावली. कुठलंही काम सुरू करण्याआधी ती लाल कड शोधायची, सापडेपर्यंत मान वळवायची, असा नियम. पहिले काही आठवडे काका माझ्यावर इतका चिडायचा, की मला पाहिलं की म्हणायचा, "आला हा वैरी." घरी ताटाच्या डावीकडे बायको लाल रुमाल ठेवू लागली. सुधारणा झाली, पण गोगलगायीच्या चालीने. कधी सगळं जमायचं, कधी थकला की डावीकडचं जग पुन्हा गायब.

मालकाने त्याला बसच्या ठाण्यात काम दिलं. कोणती बस कुठून न्यायची, पाऊस-गर्दी असली तर कुठे वळवायची, हे ड्रायव्हरांना फोनवरून सांगायचं. शहरातला एकूणएक रस्ता त्याच्या तोंडावर होता, आणि बोलण्यात तो कुणाला हार जात नव्हता. काम उत्तम करायचा. आवडायचं का? नाही. तसं तो उघड सांगायचा. "खुर्चीला चाकं आहेत, पण ती कुठे जात नाही," म्हणायचा.

मग एक दिवस बाईंनी त्याची पुन्हा चाचणी घेतली. बायको भिंतीजवळच्या त्याच खुर्चीत. नऊ ठोकळ्यांचं कार्ड. चार डावीकडे, पाच उजवीकडे. स्टॉपवॉच दाबलं गेलं.

काकाने आधी मान वळवली. लाल कड शोधली. मग डावीकडून एक ठोकळा उचलला. फिरवला, चुकला, पुन्हा फिरवला. त्याच्या कपाळावरून घाम टपकत होता. वेळ संपला. बाईंनी घड्याळ थांबवलं, नोंद केली, पण ठोकळे गोळा करायला हात पुढे केला नाही. काकाला काही कळलं नव्हतं. तो ठोकळ्यांतच गुंतला होता. सहावा ठोकळा. सातवा. आठवा चुकीच्या बाजूने बसला, तो त्याने स्वतःच ओळखून काढला. शेवटचा ठोकळा त्याने डाव्या कोपऱ्यात बसवला आणि बोट टेकवून धरलं, जणू सोडलं तर निसटेल.

"किती मिळाले?" त्याने विचारलं.

"वेळेनंतर झालं, काका. नियमाने शून्य."

"आणि गाडी?"

"नाही. गाडी नाही."

काकाने मोठा श्वास सोडला. मग नक्षीकडे बोट दाखवून म्हणाला, "पण बरोबर आहे ना?"

"अगदी बरोबर आहे."

"मग ही इथे राहू द्या थोडा वेळ. मोडू नका लगेच." आणि त्याने मान पूर्ण डावीकडे वळवली, बायकोला शोधलं आणि म्हणाला, "ये, बघ."

ती उठून आली. तिघं टेबलाभोवती उभे राहिले. माझे नऊच्या नऊ ठोकळे त्यांच्या मधोमध, एकाला एक लागून. माझ्या आयुष्यात माझं फार कौतुक झालं, पूर्ण गुण मिळवणाऱ्यांनी मला जुळवून टाळ्याही वाजवल्या. पण शून्य गुणांची ती नक्षी मी कुठल्याच पूर्ण गुणांशी बदलणार नाही.

मित्रांनो, आता मी थकलोय. माझे कोपरे बोथट झालेत. तरी एक मागणं आहे. मला हाताळाल तेव्हा एकही ठोकळा हरवू नका. आठ ठोकळ्यांचा मी कुणाच्याच कामाचा नाही. आणि कुणाचा आकडा कळला, तर तेवढ्यावर त्याला हुशार किंवा ढ म्हणून मोकळे होऊ नका. त्याच्या घरातल्या सगळ्या खोल्या हिंडून या. एखाद्या खोलीत अंधार दिसला, तर मात्र त्याचं मन मोडेल म्हणून गप्प बसू नका. तो रागावेल, दार आपटेल. आपटू द्या. त्याच्या शेजारी बसा, आणि त्याला न दिसणारी बाजू त्याला सांगत राहा.